वापरलेली कौटुंबिक गाडी: कमी किलोमीटर की पूर्ण नोंदी? पुढची आठ वर्षे टिकेल हे घेण्यापूर्वी कसे जोखावे?

मंदगती (प्रश्न)

नमस्कार.

घरात पाच माणसे आहेत, गाडी एकच असणार आहे आणि ती निदान आठ वर्षे बदलायची नाही, असे ठरवून आम्ही वापरलेल्या गाड्या पाहत आहोत. बरीच गाळणी झाल्यावर दोन गाड्या उरल्या आहेत. दोन्ही सात वर्षांच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या, आकाराने आणि किमतीने जवळपास सारख्या आहेत. फरक आहे तो पुढीलप्रमाणे.

पहिली गाडी ४८,००० किलोमीटर चाललेली असून तिचा मालक पहिल्यापासून एकच आहे. इंजिन लहान, टर्बो असलेले, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारे. गिअरबॉक्स कोरड्या क्लचचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, म्हणजे दोन क्लच आलटून-पालटून वापरून गिअर आपोआप बदलणारा. मालकाचे कामाचे ठिकाण घराजवळच असल्याने गाडी फारशी चाललीच नाही, असे ते सांगतात. सर्व्हिस बुकात पहिल्या तीन वर्षांच्या नोंदी व्यवस्थित आहेत आणि पुढच्या तुरळक आहेत, कारण "गाडी चालतच नव्हती, तर तेल कशाला बदलायचे". टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींची वेळ जुळवणारा पट्टा) अजून मूळचाच आहे आणि १,६०,००० किलोमीटरपर्यंत त्याकडे पाहावे लागत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

दुसरी गाडी १,२६,००० किलोमीटर चाललेली आहे आणि आतापर्यंत दोन मालकांकडे होती. टर्बो नसलेले साधे इंजिन, बेल्टऐवजी टायमिंग चेन, आणि टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिनाचा जोर तेलाच्या प्रवाहातून पुढे पोहोचवणारा, जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. प्रत्येक सर्व्हिसची पावती, तारीख, किलोमीटर आणि वापरलेल्या तेलाचे नाव यांसह फाइलमध्ये लावलेली आहे.

घरातल्या सर्वांचा कल पहिल्या गाडीकडे आहे, कारण ४८,००० हा आकडा डोळ्यांत भरतो. शिवाय विश्वासार्हतेच्या एका प्रसिद्ध क्रमवारीत पहिल्या गाडीची कंपनी दुसरीपेक्षा बरीच वर आहे. माझे मन मात्र दुसरीकडे ओढ घेते आहे आणि त्याचे कारण मला नीट मांडता येत नाही. किलोमीटर, नोंदी आणि क्रमवारी यांपैकी कशाला किती वजन द्यावे? आणि मेकॅनिकला सोबत नेले, तर नेमके काय तपासायला सांगावे?

---

पानापक्कड

आपले मन जिकडे ओढ घेते आहे ती दिशा योग्य आहे. कारणे मी देतो.

ओडोमीटर चाकांचे फेरे मोजतो. इंजिन किती वेळ चालले हे तो सांगत नाही. थोड्या अंतराच्या, थांबत थांबत होणाऱ्या प्रवासात सरासरी वेग ताशी १६ किलोमीटर धरला, तर ४८,००० किलोमीटरसाठी इंजिन ३,००० तास चालते. मोकळ्या रस्त्यावर जास्त धावलेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी ४२ किलोमीटर धरला, तर १,२६,००० किलोमीटरचेही बरोबर ३,००० तासच होतात. म्हणजे आपल्यासमोरच्या दोन इंजिनांचे काम सारखेच झालेले असण्याची शक्यता आहे. फक्त एकाने ते तास थंड अवस्थेत काढले आणि दुसऱ्याने गरम अवस्थेत. काही गाड्यांच्या संगणकात इंजिनाचे तास नोंदलेले असतात आणि चांगला स्कॅनर लावला तर ते वाचता येतात. तो आकडा मिळाला तर जरूर पाहावा.

थंड अवस्थेतले तास अधिक वाईट असतात. काट्यावर दिसते ते कूलंटचे तापमान. इंजिन ऑइल त्याच्या बऱ्याच मागून तापते आणि त्याला पूर्ण गरम व्हायला दहा-पंधरा मिनिटे सलग गाडी चालवावी लागते. प्रवास त्याआधीच संपत असेल तर न जळलेले पेट्रोल आणि ज्वलनातून तयार झालेले पाणी तेलात उतरते व तिथेच राहते, कारण ते उडून जाण्याइतकी उष्णता कधी मिळतच नाही. अशा वापराला उत्पादक कंपन्या आपल्या पुस्तिकेत कठीण वापर म्हणतात आणि त्यासाठी तेल बदलण्याचे अंतर कमी करून सांगतात. म्हणून "गाडी चालतच नव्हती, तर तेल कशाला बदलायचे" हे वाक्य माझ्या दृष्टीने पहिल्या गाडीवरचा सर्वांत मोठा आक्षेप आहे. कमी चालणाऱ्या गाडीचे तेल किलोमीटरवर नव्हे, तर महिन्यांवर बदलायचे असते. टर्बो असेल तर हे दुप्पट लागू, कारण त्याचा दांडा त्याच तेलाच्या पातळ थरावर मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो.

आता टायमिंग बेल्टविषयी. बेल्ट रबराचा असतो आणि रबर न वापरताही जुने होते, म्हणून पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षे असे दोन्ही आकडे दिलेले असतात. जो आधी येईल तो पाळायचा. विक्रेते बहुतेक वेळा मोठा दिसणारा आकडा तेवढा सांगतात. आजच्या बहुतेक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि एका क्षणात इंजिन उघडण्याची वेळ येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हा बेल्ट कोरडा आहे की तेलात बुडून चालणारा, हे विचारा. लहान टर्बो इंजिनांच्या काही घराण्यांत तो तेलात चालतो. प्यूजो आणि सिट्रोएनच्या १.२ लिटर प्युअरटेक इंजिनात पेट्रोल मिसळलेल्या तेलाने हा बेल्ट फुगून त्याचे कण सुटत आणि ते तेलपंपाच्या जाळीत अडकून तेलाचा दाब कमी होई. तक्रारी इतक्या झाल्या की युरोपात कंपनीला त्यावरचे संरक्षण दहा वर्षे किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत वाढवावे लागले. त्या इंजिनात तेल भरण्याचे झाकण उघडून बेल्टची रुंदी मोजण्याचे मापही मिळते. आपण पाहिलेल्या गाडीत हेच इंजिन आहे असे मी म्हणत नाही. पण बेल्ट तेलात असेल आणि कोणते तेल कधी घातले याची नोंद नसेल, तर मी पुढे बोलणीच करणार नाही.

तिसरी गोष्ट गिअरबॉक्सची, आणि माझ्या अनुभवात जुन्या ऑटोमॅटिक गाडीचे आयुष्य इंजिनापेक्षा तोच जास्त वेळा ठरवतो. कोरड्या क्लचला थंड करायला तेल नसते. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत असते तेव्हा हा क्लच अर्धवट पकडीत घासत राहतो आणि तापतो. मोकळ्या रस्त्यावर तोच क्लच पूर्ण पकडीत असतो आणि त्याची झीज जवळपास होत नाही. फोर्डच्या फिएस्टा आणि फोकस या गाड्यांतील कोरड्या क्लचच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सच्या थरथरीवरून अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि क्लचची वॉरंटी वाढवून द्यावी लागली, हे जाहीर आहे. सगळेच ड्युअल क्लच तसे नसतात, तेलात बुडालेल्या क्लचचे प्रकार बरेच सोसतात. परंतु कोरडा क्लच आणि रांगत चाललेली ४८,००० किलोमीटर ही जोडी मला आवडत नाही. टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स सुस्त वाटला तरी रांगण्याचे काम त्यात तेल करते, घर्षणाची तबकडी नव्हे.

जाता जाता एक सांगतो, कारण या विषयात हा गोंधळ नेहमी होतो. सीव्हीटी, म्हणजे गिअरच्या ठरावीक पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, म्हटले की लोक पुलीवर चालणाऱ्या पोलादी पट्ट्याच्या गिअरबॉक्सविषयीच्या तक्रारी आठवून टोयोटाच्या हायब्रिड गाड्यांनाही नाके मुरडतात. त्या गाड्यांतल्या गिअरबॉक्सला ई-सीव्हीटी म्हणत असले तरी त्यात पट्टाच नसतो. विद्युत मोटरी आणि ग्रहमालेसारखी दातेरी चाके असतात. त्यामुळे एकाच्या तक्रारी दुसऱ्याला लावता येत नाहीत.

---

आकडेमोड

मी क्रमवारीच्या मुद्द्याबद्दल लिहितो, कारण यंत्राविषयी वर पुरेसे आले आहे.

विश्वासार्हतेच्या क्रमवाऱ्या एकच गोष्ट मोजत नाहीत, आणि त्या काय मोजतात हे पाहिल्याशिवाय त्यांना वजन देऊ नये. जे. डी. पॉवरचा टिकाऊपणाचा अभ्यास प्रामुख्याने तीन वर्षे जुन्या गाड्यांच्या पहिल्या मालकांना विचारून होतो आणि दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी, असा आकडा देतो. त्यात फोन गाडीच्या पडद्याशी जोडला जात नाही, ही एक तक्रार. आणि गिअरबॉक्स बदलावा लागला, हीसुद्धा एकच तक्रार. तिसऱ्या वर्षातली ती माहिती आपण सातव्या ते पंधराव्या वर्षासाठी वापरू पाहत आहात. कन्झ्युमर रिपोर्ट्स हे मासिक आपल्या सदस्यांकडून माहिती घेते आणि तक्रारींना गांभीर्यानुसार कमी-जास्त वजन देते, त्यामुळे आपल्या प्रश्नाला ते अधिक जवळचे आहे. जर्मनीत टीयूव्ही या तपासणी संस्थांचा अहवाल सक्तीच्या नियतकालिक तपासणीतल्या दोषांवरून तयार होतो. दिवे, ब्रेक, सस्पेन्शन, गंज आणि धूर यांविषयी तो उत्तम आहे, पण क्लच झिजला आहे का, हे त्या तपासणीत पाहिलेच जात नाही. तिथल्याच एडीएसी या वाहनचालक संघटनेची आकडेवारी रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्यांच्या हाकांवरून बनते, आणि त्यात सर्वांत मोठे कारण वर्षानुवर्षे साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीचे असते.

दुसरे असे की कंपनीनिहाय सरासरी आपल्याला जवळजवळ काहीच सांगत नाही. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलमध्ये दोन इंजिने आणि तीन गिअरबॉक्स असू शकतात. त्यांतली एक जोडी पंधरा वर्षे तक्रार करत नाही आणि दुसरी सहाव्या वर्षी मालकाला रडवते. म्हणून शोध घ्यायचा तो इंजिनाचा सांकेतिक क्रमांक, गिअरबॉक्सचा सांकेतिक क्रमांक आणि उत्पादनाचे वर्ष या तिन्हींचा मिळून. पुष्कळदा उत्पादक कंपनी मधल्याच एखाद्या वर्षी चेनचा ताणक किंवा पिस्टनची रिंग बदलते, आणि त्याआधीच्या व नंतरच्या गाड्यांचा इतिहास वेगळा होतो. तेच इंजिन दुसऱ्या नावाच्या गाडीतही बसवलेले असते, तेव्हा शोध तिथेही घ्यावा.

मात्र हा शोध घेताना तक्रारींची संख्या मोजू नये. ज्याची गाडी नीट चालते तो लिहायला येत नाही. तक्रारींचा नमुना पाहावा. निरनिराळ्या ठिकाणचे, एकमेकांशी संबंध नसलेले लोक साधारण त्याच किलोमीटरला तोच सुटा भाग गेल्याचे सांगत असतील, तर तो त्या रचनेचा दोष समजावा. प्रत्येकाचे दुखणे वेगळे असेल, तर तो वयाचा भाग.

---

दूरचा प्रवासी

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु दुसऱ्या गाडीला इथे फारच सहज प्रमाणपत्र मिळते आहे असे वाटते.

पावत्यांनी इंजिन सुरक्षित राहिले असेल; १,२६,००० किलोमीटरमागची बाकीची झीज पावत्यांनी थांबत नाही. शॉक अॅब्सॉर्बर, खालच्या आर्मचे रबरी बुश, बॉल जॉइंट, चाकांचे बेअरिंग, इंजिन माउंटिंग, आल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या प्लॅस्टिकच्या टाक्या, हे सर्व पुढच्या आठ वर्षांत कधी ना कधी बदलावे लागणार आहे. यांपैकी एकही भाग गाडी निकामी करत नाही, पण पाच माणसांची एकमेव गाडी चार दिवस गॅरेजमध्ये राहणे हीही अविश्वासार्हताच आहे. फाइलमधल्या पावत्यांवरून यांतले काय आधीच बदलले आहे याची यादी करावी. जे बदललेले नाही ते पुढच्या दोन वर्षांत करावे लागेल असे धरून तो खर्च गाडीच्या किमतीत मिळवावा आणि मगच दोन्ही गाड्यांची तुलना करावी.

पहिल्या गाडीला हाच न्याय लावला, तर तिच्यात बेल्ट व पाण्याचा पंप, कदाचित क्लचचा संच, आणि वयामुळे टायर धरावे लागतील. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगतात; २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी रबर सात वर्षांचे असू शकते. उलट, ४८,००० किलोमीटर सांगितलेल्या गाडीवर टायरचा दुसरा किंवा तिसरा संच दिसला, ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत झालेले असले आणि चालकाच्या आसनाची दाराकडची कड दबलेली असली, तर तो आकडाच खरा आहे का, याची चौकशी करावी.

शिवाय एक मालक म्हणजे चांगली गाडी, हे समीकरण मला पटत नाही. दुसऱ्या गाडीच्या दोन्ही मालकांनी एकाच शिस्तीने फाइल लावली, ही गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद आहे का, ते तेवढे पाहा. ते हवेतला ओलावा शोषते म्हणून साधारण दर दोन वर्षांनी बदलायचे असते, आणि न बदलल्याने गाडी चालवताना काहीच जाणवत नाही. ज्याने ते वेळेवर बदलले, त्याने पुस्तिका वाचलेली असते.

---

मंदगती

सर्वांचे मनापासून आभार. इंजिनाच्या तासांचा हिशेब घरी वाचून दाखवला, आणि वातावरण बरेच निवळले. पहिल्या गाडीच्या मालकांना बेल्ट तेलात आहे का असे विचारले असता त्यांना सांगता आले नाही. मेकॅनिकने इंजिनाचा क्रमांक पाहून तो तेलातलाच असल्याचे सांगितले. त्यामुळे ती गाडी आम्ही सोडली आहे.

दुसऱ्या गाडीबद्दल मात्र दोन शंका आल्या आहेत. मी दोन वेळा पाहायला गेलो आणि दोन्ही वेळा गाडी आधीच सुरू करून ठेवलेली होती. विक्रेते म्हणाले, तुम्हाला थांबावे लागू नये म्हणून. आणि मेकॅनिकने स्कॅनर लावला तेव्हा एकही दोष निघाला नाही, पण काही चाचण्या "अपूर्ण" अशा दिसत होत्या. हे काळजीचे आहे का?

---

पानापक्कड

पहिली शंका सौजन्यही असू शकते, दुसरी एकटी असती तर तीही निरुपद्रवी असू शकते. दोन्ही एकत्र आल्या की थांबावे.

गाडीचा संगणक स्वतःच्या काही यंत्रणा आपणहून तपासत असतो: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, टाकीतली पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा इत्यादी. कोणी स्कॅनरने जुने दोष पुसले की या तपासण्यांचे निकालही पुसले जातात, आणि विशिष्ट प्रकारे गाडी चालवल्याशिवाय त्या पुन्हा पूर्ण होत नाहीत. म्हणून "दोष नाही, पण तपासण्या अपूर्ण" याचा अर्थ पुष्कळदा "दोष होता, तो नुकताच पुसला आहे" असा निघतो. बॅटरी बदलली असेल तरी काही गाड्यांत असेच होते, तेव्हा विक्रेत्याला आरोप न करता बॅटरीची पावती मागावी. वाफेची एकच तपासणी अपूर्ण असेल तर फारसे मनावर घेऊ नये, कारण टाकी फार भरलेली किंवा फार रिकामी असली तर ती सुरूच होत नाही.

आपल्या मेकॅनिकला आणखी तीन गोष्टी वाचायला सांगा. दोष पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा बऱ्याच गाड्या देतात. तो जेमतेम चाळीस-पन्नास असेल आणि बॅटरीची पावती नसेल, तर उत्तर मिळाले. दुसरे, अलीकडच्या अनेक गाड्यांत कायम दोषांची वेगळी नोंद असते, जी स्कॅनरने पुसता येत नाही; दोष खरोखर गेला आहे अशी गाडीची स्वतःची खात्री झाल्यावरच ती जाते. तिसरे, मिश्रण योग्य राहावे म्हणून संगणक पेट्रोलच्या प्रमाणात दीर्घकाळ करत असलेली वाढ किंवा घट. ती शून्याच्या आसपास असावी. सतत दहा टक्क्यांच्या वर राहत असेल, तर कुठेतरी हवा शिरते आहे किंवा पेट्रोल कमी पडते आहे. नुकतेच पुसले असेल तर हा आकडाही शून्यावरूनच सुरू होतो, म्हणून चालवून झाल्यावर पुन्हा पाहावा. आणि चावी फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा व एअरबॅगचा दिवा आधी लागतो आणि मग विझतो ना, याकडे लक्ष ठेवा. जो दिवा कधी लागतच नाही, त्याचा बल्ब काढलेला असू शकतो.

थंड इंजिन पाहणे या गाडीत विशेष गरजेचे आहे, कारण तिला टायमिंग चेन आहे. चेन सैल झाली असेल किंवा तिचा ताणक तेलाचा दाब धरत नसेल, तर रात्रभर उभ्या गाडीला सुरू करताच पहिले दोन-तीन सेकंद साखळी खळखळल्यासारखा आवाज येतो आणि तेल वर चढताच नाहीसा होतो. गरम करून ठेवलेल्या गाडीत तो कधीच ऐकू येणार नाही. व्हॉल्व्हच्या सीलमधून गळणारे तेलही थंड इंजिन सुरू करतानाच निळसर धुराच्या एका लोटाने कळते. म्हणून सकाळी लवकर, आदल्या रात्रीपासून न चालवलेली गाडी पाहायची आहे असे स्पष्ट सांगावे. तिथे पोहोचल्यावर सुरू करण्यापूर्वी स्कॅनरवर कूलंटचे आणि इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. दोन्ही जवळपास सारखे असतील तरच इंजिन खरोखर थंड आहे. बॉनेटवर हात ठेवून हे कळत नाही.

मग गाडी पूर्ण गरम होईपर्यंत चालवावी. ताशी पन्नास ते सत्तर किलोमीटरच्या दरम्यान अॅक्सिलरेटर अगदी हलका दाबून एक वेग धरावा. रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून जात असल्यासारखी थरथर जाणवली, तर टॉर्क कन्व्हर्टरचा आतला क्लच नीट धरत नाही. परत आल्यावर एसी लावून गाडी जागेवर पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावी, पंखा फिरतो व काटा मध्येच राहतो हे पाहावे, गिअर पुढे-मागे टाकून धक्का बसतो का ते पाहावे, बंद करून पुन्हा सुरू करावी. गाडी कधी तापलेली असल्याची शंका असेल, तर कूलंटच्या टाकीवर धरायचे एक निळे रसायन मिळते. हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा भाग यांमधल्या सीलमधून) ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये येत असतील तर पेट्रोल इंजिनात ते पिवळे होते. तेलाच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून लगेच गॅस्केट गेले असे समजू नये, थोड्या अंतराच्या वापराने साठलेला ओलावाही तसाच दिसतो. निर्णय या रसायनावर करावा.

---

पत्राकाम

इंजिनाची चर्चा रंगते तेव्हा सांगाडा पाहायचा राहून जातो, म्हणून थोडक्यात लिहितो. इंजिन दुरुस्त होते, वाकलेला सांगाडा पूर्ववत होत नाही.

रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र मिळते. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन असतो; एखाद्या दारावर पुन्हा रंग दिलेला असेल तर आकडा दुपटीच्या आसपास जातो, आणि पुटी भरलेली असेल तर हजाराच्या पुढेही. दार किंवा बंपर रंगवलेला असणे हे सात वर्षांच्या गाडीत अगदी सामान्य आहे, त्याने घाबरू नये. घाबरायचे ते छत, दारांमधले खांब आणि बॉनेटखालचे लांब चासी दांडे यांवर पुटी, नवे वेल्डिंग किंवा सुरकुती दिसली तर.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला प्रत्येक सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण आतल्या टोकाशी गाळाची रेघ राहते. आसनांच्या रुळांखालचे स्क्रू आणि डॅशबोर्डखालच्या जोडण्या गंजलेल्या असतील, तर गाडी कितीही स्वच्छ दिसो, घेऊ नये. तिचे विद्युत दोष पुढची अनेक वर्षे एकामागून एक निघत राहतात आणि कोणत्याही दोन वेळा सारखे नसतात.

चासी क्रमांक सतरा अक्षर-अंकांचा असतो; तो कागदपत्रांवर, काचेखाली आणि पत्र्यावर एकच आहे ना ते ताडून पाहावे, आणि तोच क्रमांक देऊन सदोष भाग बदलण्यासाठी गाडी परत बोलावण्याच्या (रिकॉलच्या) सूचना प्रलंबित आहेत का, असे उत्पादक कंपनीकडे, ते विचारावे. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमधील स्फोटक उष्णता आणि दमटपणाने बिघडत असल्यामुळे जगभर कोट्यवधी एअरबॅग बदलाव्या लागल्या, आणि वापरलेल्या गाड्या हातोहात विकल्या जात असल्याने ते काम न झालेल्या गाड्या बराच काळ फिरत राहिल्या. हे काम कंपनी मोफत करते. विचारायला काहीच लागत नाही.

---

मंदगती

सांगितल्याप्रमाणे सर्व केले. तपासण्या अपूर्ण राहण्याचे कारण बॅटरी निघाले; तिची पावती फाइलमध्ये आहे आणि तारीखही जुळते. कायम दोषांची नोंद रिकामी होती. विक्रेत्यांनी थंड गाडी दाखवायला काहीच आढेवेढे घेतले नाहीत. चेनचा आवाज नाही, धूर नाही, थरथर नाही. पुढचे दोन्ही शॉक अॅब्सॉर्बर आणि एक इंजिन माउंटिंग लवकरच बदलावे लागतील, ते किमतीतून वजा करून घेतले. रंग एका दारावर पुन्हा दिलेला आहे, बाकी मूळचा.

एकच गोष्ट अडली आहे. संपूर्ण फाइल चाळली, पण गिअरबॉक्सचे तेल बदलल्याची पावती कुठेच नाही. विक्रेते म्हणतात, कंपनीच्या पुस्तिकेतच ते आयुष्यभरासाठी आहे असे लिहिले आहे. एका गॅरेजवाल्यांचे म्हणणे असे, की इतक्या किलोमीटरनंतर आता बदलले तर गिअर घसरू लागतील, तेव्हा हात लावू नका. काय करावे?

---

पानापक्कड

पुस्तिकेतले "आयुष्यभर" बहुधा वॉरंटीच्या आसपासचे आयुष्य धरून असते. अनेक कंपन्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः आपल्या गिअरबॉक्सचे तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते, आणि तेच गिअरबॉक्स बसवणारे काही गाडी-उत्पादक मात्र बदलायची गरज नाही असे सांगत आले आहेत. आपल्या गाडीचा गिअरबॉक्स कोणाचा आहे ते पाहावे आणि ज्याने तो बनवला त्याचे ऐकावे.

गॅरेजवाल्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, पण ते आधीच घसरू लागलेल्या गिअरबॉक्सला लागू पडते. त्याच्या आतल्या, गिअर पकडून ठेवणाऱ्या तबकड्या इतक्या झिजलेल्या असतात की जुन्या तेलात तरंगणाऱ्या त्यांच्याच कणांवर पकड टिकून असते. नवे तेल आले की उरलेली झीज उघडी पडते आणि दोष तेलावर येतो. आपल्या गाडीत थरथर नाही, गिअर टाकताना धक्का नाही, म्हणजे ती त्या अवस्थेत नाही. तरी व्यवहार पक्का करण्यापूर्वी थोडे तेल काढून पाहता आले तर पाहावे. लालसर छटा जाऊन तपकिरी झालेले चालेल. काळे, जळका वास येणारे किंवा चकाकणारे कण असलेले तेल निघाले तर ही गाडीही सोडावी.

तेल ठीक असेल तर गाडी घ्यावी आणि यंत्राने दाब देऊन सगळे तेल एकदम ढकलून काढण्याऐवजी खालचा बोल्ट उघडून आपोआप जेवढे येते तेवढेच काढून तेवढेच भरावे. असे केल्याने साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे तेल बदलते, उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहते. म्हणून काही हजार किलोमीटरच्या अंतराने हेच आणखी दोनदा करावे. बदलता येण्याजोगे फिल्टर असेल तर पहिल्याच वेळी बदलावे. तेल पुस्तिकेत दिलेल्या प्रकाराचेच हवे, "सगळ्या गाड्यांना चालते" असे लिहिलेला डबा नको. आणि पातळी तपासताना गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान ठरलेल्या मर्यादेत आहे का, हे स्कॅनरवर पाहूनच बोल्ट बंद करायला सांगावे. थंड असताना भरलेले तेल गरम झाल्यावर फुगून जास्त होते, उलट खूप गरम असताना भरले तर कमी पडते, आणि नव्या तेलानंतर सुरू होणाऱ्या अर्ध्याअधिक तक्रारींचे मूळ मी तिथेच पाहिले आहे.